भाज्या 27 टक्क्यांनी स्वस्त झाल्याची बातमी होती, मग भाव दोन वर्षांपूर्वीइतके खाली का आले नाहीत?

कारण ते 27 टक्के आदल्या वर्षीच्या फुगलेल्या भावावर मोजलेले आहेत. बातमीतला किरकोळ महागाईचा दर मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढतात. ऑक्टोबर 2024 मध्ये भाज्यांची महागाई सुमारे 42 टक्के होती, ऑक्टोबर 2025 मध्ये उणे 27.6 टक्क्यांच्या आसपास. ऑक्टोबर 2023 चा भाव 100 धरा. 42 टक्के वाढून झाले 142. त्या 142 चे 27.6 टक्के म्हणजे 39, ते वजा केले की उरतात 103. एवढ्या घसरणीनंतरही दोन वर्षांपूर्वीपेक्षा जरा महागच! पुन्हा 100 वर यायला 29.6 टक्के घट हवी होती. 42 मधून 27.6 सरळ वजा करून 'अजून 14 टक्के महाग' म्हणणं ही नेहमीची चूक, कारण दोन्ही टक्क्यांचा पाया वेगळा असतो. मात्र हे आकडे देशभरातल्या सगळ्या भाज्यांच्या सरासरीचे आहेत. तुमच्या मंडईतल्या कांद्या-टोमॅटोचा हिशेब त्यावरून लावता येणार नाही.