नैसर्गिक बंदर असूनही गाळ का उपसावा लागतो?

प्रश्न (दादरहून) : मुंबई हे नैसर्गिक बंदर असल्याचे आम्ही शाळेत शिकलो. असे असताना खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर का उभारावे लागले, तेथेही सतत गाळ का उपसावा लागतो आणि आता वाढवणला आणखी एका बंदराची गरज का भासते?

उत्तर : आपण शाळेत शिकलात ते बरोबरच आहे. मात्र 'नैसर्गिक बंदर' या शब्दांत आसरा अभिप्रेत आहे, खोली नव्हे. पश्चिमेला मुंबईची बेटे आणि पूर्वेला कोकणची मुख्य भूमी यांच्यामधल्या पाण्यात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटा थेट पोहोचत नाहीत. त्यामुळे शिडाची जहाजे भर पावसाळ्यातही येथे निर्धास्तपणे नांगर टाकू शकत. त्या जहाजांना फार खोल पाणी लागतही नव्हते. पुढे वाफेची मोठी जहाजे आली, तेव्हा १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, बांधण्यात आला. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी चार-पाच मीटरने चढते आणि उतरते, म्हणून इंदिरा डॉकला दरवाजे बसवून आतले पाणी अडवले गेले. त्या काळाच्या मानाने हे उत्कृष्ट स्थापत्य होते. परंतु या डॉकचे प्रवेशद्वार सुमारे ३० मीटर रुंद आहे, तर आजच्या सर्वांत मोठ्या कंटेनर जहाजांची रुंदी ६० मीटरच्या आसपास आणि लांबी ४०० मीटर असते.

हा बदल कंटेनरमुळे झाला. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन या अमेरिकी वाहतूक व्यावसायिकाच्या जहाजाने न्यूआर्क येथून ५८ पेट्या घेऊन ह्यूस्टनकडे प्रयाण केले, तेव्हापासून पोती, खोकी आणि पिंपे एकेक करून चढवण्या-उतरवण्याची पद्धत हळूहळू मागे पडली. एक पेटी क्रेनने उचलून थेट ट्रेलरवर ठेवता येऊ लागली, तेव्हा धक्क्यामागे गोदामांपेक्षा पेट्या रचण्यासाठी मोकळे, विस्तीर्ण यार्ड, रेल्वेची जोडणी आणि ट्रेलरच्या रांगांना पुरेल असा रस्ता यांची गरज निर्माण झाली. दक्षिण मुंबईच्या गोदीमागे थेट शहर सुरू होते, तेथे अशी जागा मिळणे शक्यच नव्हते. २६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, त्याचे हे मुख्य कारण. खोलीचा प्रश्न मात्र खाडी ओलांडून तेथेही गेला.

जहाजाचा जेवढा भाग पाण्याखाली बुडतो त्याच्या मापाला ड्राफ्ट म्हणतात. चोवीस हजार पेट्यांच्या जहाजाचा पूर्ण भरलेला ड्राफ्ट १६ मीटर किंवा त्याहूनही अधिक असतो. जहाजाचा तळ आणि समुद्रतळ यांच्यामध्ये सुरक्षित अंतर राखावे लागते, म्हणून प्रत्यक्ष पाणी त्याहून खोल हवे. मुंबईच्या बंदरात ठाण्याची आणि पनवेलची खाडी येऊन मिळते. त्यांचा बारीक चिखल, पावसाळ्यात वाहून येणारी माती आणि भरती-ओहोटीबरोबर हलणारा गाळ खोदलेल्या मार्गात पुन्हा पुन्हा बसतो. शिवाय या चिखलाखाली काळा कातळ आहे आणि मार्ग खोल करताना काही ठिकाणी तोही फोडावा लागला. मोठा खर्च करून हा मार्ग टप्प्याटप्प्याने खोल करण्यात आला आणि आता सुमारे १५ मीटर ड्राफ्टची जहाजे भरतीची वेळ साधून न्हावा-शेव्यात येतात. 'भरतीची वेळ साधून' हे तीन शब्द व्यापाराच्या दृष्टीने महागाचे आहेत. पाणी चढेपर्यंत जहाजाला बाहेर थांबावे लागते किंवा आधीच कमी माल भरून यावे लागते, आणि थांबलेल्या जहाजाचा दिवसाचा खर्च शेवटी भाड्यातून वसूल होतो.

वाढवणच्या निवडीमागे हेच गणित आहे. पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र सुमारे २० मीटर खोल आहे, म्हणून तेथे सर्वांत मोठी जहाजे भरतीची वाट न पाहता आणता येतील. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये या बंदराला ७६,२२० कोटी रुपयांच्या अंदाजित खर्चासह मान्यता दिली आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. प्रत्येकी १,००० मीटर लांबीचे नऊ कंटेनर टर्मिनल तेथे नियोजित आहेत. केरळमधील विळिंजम येथेही किनाऱ्याजवळच नैसर्गिक खोली आहे, शिवाय पूर्व-पश्चिम सागरी मार्ग तेथून सुमारे १० सागरी मैलांवरून जातो. उलट कोचीजवळच्या वल्लारपाडम येथे २०११ मध्ये सुरू झालेल्या टर्मिनलचा मार्ग राखण्यासाठी सतत गाळ काढावा लागतो. एकाच राज्यातल्या या दोन जागांमधला फरक, खोली निसर्गाने दिली असणे आणि ती विकत घेत राहणे यांतला फरक दाखवतो.

प्रश्न (मुलुंडहून) : आमचे नातेवाईक नाशिकहून द्राक्षे युरोपला पाठवतात. भारताचे कंटेनर आधी कोलंबोला जातात आणि तेथून मोठ्या जहाजावर चढतात, असे वाचले. मग आपल्या द्राक्षांचाही हाच प्रवास होतो का? आणि त्यात देशाचे नुकसान किती?

उत्तर : आपल्या नातेवाइकांची द्राक्षे बहुधा कोलंबो पाहत नाहीत. न्हावा-शेवा आणि मुंद्रा येथून युरोपला जाणाऱ्या थेट जहाजसेवा आहेत. द्राक्षांचा शीतकंटेनर, म्हणजे व्यवसायातला 'रीफर', न्हावा-शेव्याला जहाजावर चढला की एरवी सुवेझमार्गे रॉटरडॅमसारख्या बंदरात उतरतो. हा प्रश्न अनेकदा संपूर्ण देशाचा म्हणून मांडला जातो. माझ्या मते त्यामुळे नेमका प्रश्न झाकला जातो. कोलंबोवरील अवलंबित्व प्रामुख्याने दक्षिण आणि पूर्व किनाऱ्याचे आहे. तेथील बंदरांतून लहान, म्हणजे फीडर, जहाजाने पेट्या कोलंबो, सिंगापूर किंवा मलेशियातील पोर्ट क्लांगला नेतात आणि तेथे त्या मोठ्या जहाजावर, ज्याला मदर व्हेसल म्हणतात, चढवतात.

यातले आर्थिक सूत्र साधे आहे. जहाजाची क्षमता दुप्पट झाली म्हणून त्याचे इंधन आणि खलाशी दुप्पट लागत नाहीत, त्यामुळे एका पेटीमागचा खर्च घटतो. पण हा फायदा मिळवण्यासाठी जहाज भरलेले हवे आणि त्याने कमी बंदरांत कमी वेळ थांबायला हवे. म्हणून जहाजकंपन्या थोडी खोल बंदरे निवडतात आणि आसपासचा माल तेथे गोळा करतात. ज्या धक्क्यावर पेटी बदलते त्या धक्क्याला दोनदा हाताळणीचे पैसे मिळतात आणि पेटी पाठवणाऱ्याला फीडरचे भाडे व काही दिवसांचा उशीर सोसावा लागतो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये दिलेल्या माहितीनुसार भारताच्या अशा फेरलदणीच्या मालापैकी सुमारे ७५ टक्के माल परदेशी बंदरांत हाताळला जात होता आणि तो येथे वळला तर भारतीय बंदरांना वर्षाला सुमारे २० ते २२ कोटी डॉलर वाचवता येतील, असा अंदाज होता. आकडा मोठा आहे, तरी मला त्याहून महत्त्वाची वाटते ती वेळापत्रकावरची सत्ता. गर्दीच्या दिवसांत परक्या बंदरात कोणती पेटी आधी चढवायची हे आपला निर्यातदार ठरवू शकत नाही.

द्राक्षांच्या बाबतीत बंदराहूनही मोठा धोका मार्गाचा असतो, हे २०२३ च्या अखेरीस दिसले. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर बहुतेक जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालू लागली आणि युरोपचा प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. खोल बंदर हा धोका टाळू शकत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

प्रश्न (विलेपार्ल्याहून, एका विद्यार्थिनीचा) : देशाचा ९५ टक्के व्यापार समुद्रमार्गे होतो, हे विधान बरोबर आहे का?

उत्तर : वजनाच्या मापाने बरोबर आहे. किमतीच्या मापाने हे प्रमाण सुमारे ७० टक्के आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातून निघणारा हिऱ्यांचा लहानसा डबा विमानाने जातो आणि त्याची किंमत कोळशाच्या कैक गाड्यांहून अधिक असते. तसेच समुद्रमार्गे येणारा सगळा माल कंटेनरमधून येत नाही. खनिज तेल, कोळसा, लोहखनिज यांची जहाजे निराळी असतात.

प्रश्न (वेसाव्याहून) : खोली निसर्गाचीच आहे, तर वाढवणचे मच्छीमार विरोध का करतात?

उत्तर : खोली निसर्गाची आहे, पण बंदर केवळ खोलीवर उभे राहत नाही. धक्क्यांसाठी समुद्रात सुमारे १,४४८ हेक्टर भराव आणि दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंत या आराखड्यात आहे. त्या किनाऱ्यावरील खडकाळ भाग मासळीच्या अंड्यांची आणि पिलांची जागा आहे, असे तेथील मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने सांगतात. पलीकडे सातपाटी हे पापलेटसाठी प्रसिद्ध गाव आहे आणि २०२३ मध्ये पापलेट हा महाराष्ट्राचा राज्यमासा ठरला. डहाणू तालुका १९९१ पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित आहे. तेथील पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणच्या बंदराला नकार दिला होता, जुलै २०२३ मध्ये मात्र अटी घालून परवानगी दिली, आणि एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या परवानगीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या.

मला या बंदराची आर्थिक गरज पटते. पण न्हावा-शेवा ज्या तालुक्यात आहे त्या उरणचा इतिहास आठवला की मच्छीमारांचा अविश्वासही पटतो. नवी मुंबई आणि परिसरातील भूसंपादनाच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांचा बळी गेला. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. न्हावा-शेवा बंदराच्या प्रकल्पग्रस्तांना मात्र या जमिनीची इरादापत्रे २०१४ मध्ये मिळाली, म्हणजे बंदर सुरू होऊन पंचवीस वर्षे झाल्यावर. वाढवणच्या पुनर्वसनात शेतजमिनीच्या सातबाऱ्याइतकाच स्पष्ट हिशेब ज्यांच्याकडे सातबारा नाही त्यांचाही व्हायला हवा, कारण समुद्रात जाळे टाकण्याच्या हक्काची नोंद कोणत्याही उताऱ्यावर नसते. हा हिशेब भराव पडण्यापूर्वी, गावनिहाय, होडीनिहाय आणि लेखी व्हावा, ही मागणी मला पूर्णपणे न्याय्य वाटते.