बाहेरचं सीएनजी किट, न झालेली नोंद आणि तीन आठवड्यांवर आलेला विमा

प्रश्न: वकीलताई, नमस्कार. मी कराडला राहतो, नोकरी साताऱ्यात. रोजचं जाणं-येणं शंभर किलोमीटरच्या वर. दोन वर्षांपूर्वी बँकेचं कर्ज काढून बीएस-६ पेट्रोलची छोटी गाडी घेतली. कंपनी फिटेड सीएनजीच घ्यायची होती, पण ती नव्वद हजारांनी महाग पडत होती आणि वेटिंगही होतं. चार महिन्यांपूर्वी साडूंच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये ४५ हजारांत किट बसवून घेतलं. १५ हजार यूपीआयने दिले, बाकी रोख. बिल नाही, चिठ्ठीवर रक्कम लिहून दिली. ‘आरटीओचं मी बघतो’ असं व्हॉट्सअॅपवर म्हणाले, ते अजून झालेलं नाही. आता इंजिनचा दिवा लागतोय. सर्व्हिस सेंटरने बाहेरचं किट बघून वॉरंटी नाकारली. परवा पंपावरच्या मुलाने सिलिंडरच्या चाचणीची प्लेट नाही म्हणून गॅस भरला नाही. डिकीत नीट बघितलं तर सिलिंडरवर ०८-२०१६ असा शिक्का. तीन आठवड्यांनी विमा संपतोय. हे किट कायदेशीर करून घेता येईल, की काढून टाकू, की गाडीच देऊन कंपनी फिटेड घेऊ? घरात यावरून रोज वाद होतोय.

उत्तर: सगळ्यात आधी, आजपासून ही गाडी सीएनजीवर चालवू नका. ‘दुसऱ्या पंपावर जा, तिथे कोणी बघत नाही’ असा सल्ला तुम्हाला मिळाला असेल किंवा मिळेल. तो ऐकू नका. त्या पंपावरच्या मुलाने तुमच्यावर उपकार केलेत.

कारण तो शिक्का. गाडीतल्या सीएनजी सिलिंडरची दर तीन वर्षांनी मान्यताप्राप्त केंद्रात चाचणी व्हावी लागते, आपण जिला हायड्रो टेस्ट म्हणतो ती. गॅस सिलिंडर नियम, २०१६ चं हे बंधन आहे आणि त्यावर देखरेख नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्राच्या स्फोटक सुरक्षा संस्थेची असते. सिलिंडरच्या मानेजवळ त्याचा क्रमांक, बनवल्याचा महिना-वर्ष, चाचणीचा दाब आणि पुढे प्रत्येक चाचणीची तारीख कोरलेली असते. ऑगस्ट २०१६ च्या सिलिंडरवर एव्हाना २०१९, २०२२ आणि २०२५ अशा निदान तीन चाचण्यांच्या खुणा हव्यात. तुम्ही एकाच शिक्क्याचा उल्लेख केलाय, म्हणून टॉर्च घेऊन पुन्हा बघा आणि जवळून फोटो काढा. गाडीच्या टायरमध्ये जेमतेम सव्वादोन बार हवा असते, या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने गॅस भरतात, आणि तो मागच्या सीटवर बसणाऱ्याच्या पाठीशी असतो. चाचणी न झालेला सिलिंडर भरून घेणं हा दंडाचा विषय नंतर, आधी तो तुमच्या घरच्यांच्या जिवाचा विषय आहे. कुणाच्या तरी जुन्या गाडीतून उतरवलेला हा सिलिंडर तुम्हाला नवा म्हणून बसवला गेला, असंच दिसतंय.

आता कायदेशीर करून घेता येईल का, या प्रश्नाकडे येते. बाहेरून किट बसवणं हा गुन्हा नाही, हे घरी आधी सांगा, म्हणजे निम्मा वाद मिटेल. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात हे ठामपणे सांगितलं. पण त्याच कलमात इंधन बदलण्याच्या किटला वाट ठेवलेली आहे. अट एवढीच की किट मंजूर असावं, ठरलेल्या पद्धतीने बसवावं आणि आरसीवर नोंद व्हावी. बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण-निकषांच्या, गाड्यांना बाहेरून किट बसवायची परवानगी केंद्राने २०२२ मध्ये दिली. त्याआधीची कित्येक मंजुरीपत्रं बीएस-४ गाड्यांपुरती होती.

तेव्हा गॅरेजवाल्यांना एकच कागद मागा: पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन चाचणी संस्थेचं या किटचं टाइप अप्रूव्हल, म्हणजे मंजुरीपत्र. त्यात तुमच्या गाडीचं मॉडेल लिहिलेलं असलं पाहिजे, बीएस-६ चा उल्लेख असला पाहिजे आणि बसवलं त्या दिवशी त्याची मुदत चालू असली पाहिजे. ही मंजुरी तीन वर्षांची असते, मग तिचं नूतनीकरण करावं लागतं. कागद मिळाला तर किट बनवणाऱ्या कंपनीला फोन करून विचारा की हे गॅरेज तुमचं अधिकृत फिटमेंट सेंटर आहे का आणि रिड्यूसरवरचा (गॅसचा दाब कमी करणारा भाग) हा क्रमांक तुमच्याच मालाचा आहे का. दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं, तरच नोंदणीचा विचार. मग नवा, चाचणी प्रमाणपत्र असलेला सिलिंडर, फिटमेंट प्रमाणपत्र, पक्कं बिल आणि पंपावर बघतात ती कम्प्लायन्स प्लेट लागेल, शिवाय कर्ज चालू असल्याने बँकेचं ना-हरकत पत्र. असा बदल केल्यावर चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. ती मुदत तुमची कधीच उलटली आहे. परवानगी नसलेल्या बदलासाठी २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२अ(४) आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. घाबरवण्यासाठी सांगत नाही. पण ‘आरटीओचं मी बघतो’ हे वाक्य कोर्टात चालत नाही, कारण जबाबदारी कायद्याने गाडीमालकावर टाकली आहे.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला वाटतं तो कागद मिळणार नाही. जो पक्कं बिल देत नाही आणि नऊ-दहा वर्षांचा सिलिंडर बसवतो, त्याच्याकडे मंजूर किट असण्याची आशा मी ठेवणार नाही. तेव्हा माझा सल्ला किट काढण्याचाच आहे.

पण उद्याच काढू नका. आधी पुरावा. सिलिंडरचा शिक्का, रिड्यूसर, पाइप, वायरिंग आणि किलोमीटरचा आकडा यांचे तारखेसह फोटो घ्या. एखाद्या स्वतंत्र ऑटोमोबाइल इंजिनिअरकडून किंवा परवानाधारक सर्व्हेअरकडून लेखी तपासणी अहवाल घ्या. गॅरेजला पत्र पाठवा की अमुक तारखेला किट उतरवणार आहोत, हजर राहायचं तर राहा. मग गॅस पूर्ण रिकामा करून अधिकृत फिटमेंट सेंटरमध्येच किट उतरवा आणि त्याचं बिल घ्या. उतरवलेला सिलिंडर भंगारात किंवा दुसऱ्या कुणाला विकू नका, तो तुमच्या तक्रारीतला मुद्देमाल आहे.

विम्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्यापुढचा खरा धोका इथे आहे आणि तीन आठवडेच हातात आहेत. सध्याची पॉलिसी तुम्ही घेतली तेव्हा किट नव्हतं, म्हणजे तेव्हा तुम्ही काही लपवलेलं नाही. नूतनीकरणाच्या वेळी मात्र अर्जात ‘एक्स्टर्नल सीएनजी किट आहे का?’ असा रकाना येईल. गाडीत किट असताना तिथे ‘नाही’वर टिचकी मारलीत, तर ते जाणूनबुजून दिलेलं खोटं उत्तर ठरेल. अपघातात दुसऱ्या कुणाला इजा झाली तर विमा कंपनीला कोणते बचाव घेता येतात, हे मोटार वाहन कायद्याच्याच कलम १५० मध्ये मोजून दिलेलं आहे. नोंद नसलेलं किट हा त्यातला बचाव नाही, पण महत्त्वाची माहिती दडवून पॉलिसी घेतली, हा आहे. म्हणजे त्या एका टिचकीने तुम्ही कंपनीच्या हातात हत्यार द्याल, आणि जखमी माणसाची भरपाई तुमच्या पगारातून, घरादारातून वसूल होऊ शकेल.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं गणित वेगळं आहे. अटीचा भंग झाला तरी कंपनीने दावा सरसकट फेटाळू नये, ‘नॉन-स्टँडर्ड’ धरून ७५ टक्क्यांपर्यंत द्यावा, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये नितीन खंडेलवाल आणि २०१० मध्ये अमलेंदु साहू प्रकरणात घेतली. पण ती दोन्ही प्रकरणं खासगी गाडी भाड्याने चालवल्याची होती. गाडी चोरीला गेली किंवा मागून ट्रकने ठोकली तर या निकालांचा आधार तुमच्या वकिलाला घेता येईल. वायरिंग पेटून किंवा गॅस गळून गाडी जळाली, तर भंगाचा आणि नुकसानीचा थेट संबंध आला. तिथे मी तुम्हाला आशा दाखवणार नाही. म्हणून किट काढायची तारीख पॉलिसी संपायच्या आत धरा. गाडी पुन्हा निव्वळ पेट्रोलची झाली की अर्जातलं ‘नाही’ खरं असेल. आणि पॉलिसीत एका दिवसाचाही खंड पडू देऊ नका. पुढे कधी मंजूर किट बसवलंत, तर त्याची किंमत कळवून एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीवर तशी नोंद, घ्या. अधिकचा हप्ता साधारण किटच्या किमतीच्या चार टक्क्यांच्या आसपास आणि थर्ड पार्टीपोटी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्यापोटी, थोडे रुपये. इतक्या कमी पैशांसाठी लोक केवढी जोखीम घेतात, हे बघून मला दरवेळी वाईट वाटतं.

वॉरंटीचं बहुतेकांना चुकीचं माहीत असतं. बाहेरचं किट बसवलं की अख्ख्या गाडीची वॉरंटी गेली, असं सर्व्हिस अॅडव्हायझर तोंडी सांगून मोकळे होतात. वॉरंटी पुस्तिका काढा आणि ते कलम अक्षर न् अक्षर वाचा. इंजिन, इंधनप्रणाली आणि त्यांच्याशी जोडलेलं वायरिंग याबाबत कंपनीचा नकार बहुधा टिकेल, कारण तुमच्या किटने इंजेक्टरच्या वायरी तोडून मधे स्वतःचा ईसीयू, म्हणजे इंधन नियंत्रित करणारा छोटा संगणक, घातलाय. इंजिनचा दिवा त्यातूनच लागला असण्याची शक्यता मोठी. पण उद्या पॉवर विंडोची मोटर गेली, तर किटशी तिचा संबंध काय हे कंपनीने सांगायला हवं. नकार जॉब कार्डवर, कारणासह, लेखी मागा. देत नसतील तर ईमेल करा आणि उत्तराची वाट बघा. किट काढल्यावर पुन्हा स्कॅन करून घ्या, आणि उरलेली वॉरंटी कशा-कशाची चालू आहे तेही लेखी घ्या.

गॅरेजविरुद्ध तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. ‘बिलच नाही, मग काय सिद्ध करणार’ असं तुम्ही मनात धरलं असेल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे आणि जुना माल नवा म्हणून विकणंही. यूपीआयची नोंद, व्हॉट्सअॅपवरचं ते आरटीओचं आश्वासन, चिठ्ठी आणि इंजिनिअरचा अहवाल, एवढ्यावर तक्रार उभी राहते. चॅट नुसता स्क्रीनशॉट काढून ठेवू नका, मूळ फोन जपा, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. आधी रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस द्या, पंधरा दिवसांची मुदत द्या. मागणी स्पष्ट हवी: ४५ हजार परत, किट काढण्याचा आणि तपासणीचा खर्च, इंजिन दुरुस्तीचा खर्च, मनस्तापाची भरपाई. रोख दिलेले ३० हजार नाकारले जातील, म्हणून नोटिशीत चिठ्ठीचा उल्लेख तारखेसह करा. मुदतीत काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे साताऱ्यातच, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची. साडूंना यात ओढू नका. त्यांनी फक्त ओळख करून दिली, पैसे घेतले नाहीत. नातं टिकवून ही लढाई लढता येते.

राहिला कंपनी फिटेडचा प्रश्न. तुमचं रोजचं अंतर बघता सीएनजी हवी हे बरोबरच आहे. कंपनीतून बसून आलेल्या किटमध्ये आरसीवर पहिल्या दिवसापासून पेट्रोल/सीएनजी लिहिलेलं असतं, किटची किंमत विम्याच्या आयडीव्हीत, म्हणजे विमा उतरवलेल्या किमतीत, धरलेली असते, सिलिंडरचं वजन धरून मागचं सस्पेन्शन ठरवलेलं असतं. पण वकील म्हणून मला त्याहून मोठी वाटते ती गोष्ट अशी की काही बिघडलं तर उत्तर देणारा एकच असतो. बाहेरच्या किटमध्ये गाडीची कंपनी किटवाल्याकडे बोट दाखवते, किटवाला फिटरकडे, फिटर पुन्हा गाडीकडे. नव्वद हजारांतले बरेचसे पैसे तुम्ही या एका गोष्टीसाठी मोजता, आणि नव्या गाडीसाठी ते मोजावेत असं माझं मत आहे. वॉरंटी संपलेल्या, चांगल्या अवस्थेतल्या जुन्या पेट्रोल गाडीला मात्र अधिकृत केंद्रातून मंजूर किट बसवणं हा रास्त मार्ग आहे. अलीकडे रेनो आणि निसानसारख्या कंपन्या डीलरकडेच सरकारमान्य किट बसवून देऊ लागल्या आहेत. सेल्समन त्यालाही ‘कंपनीचंच’ म्हणेल, पण ते कारखान्यात बसलेलं नसतं. किटची वॉरंटी कोण देतंय आणि इंजिनची कोण, हे बुकिंगच्या आधी कागदावर घ्या.

तुमच्याबाबतीत मी सध्याची गाडी लगेच देऊ नका म्हणेन. किट उतरवा, विमा नीट करा, इंजिनचा दिवा का लागतो ते निस्तरा. आज एक्स्चेंजला नेलीत तर डीलर किट बघून भाव पाडेल, आणि किट होतं हे लपवून विकलीत तर घेणारा उद्या तुमच्यावर फसवणुकीची तक्रार करेल. दोन-तीन महिने पेट्रोलवर काढा. त्यानंतर गाडी द्यायचीच ठरलं, तर किट बसवून काढल्याचं लेखी सांगून द्या, कर्जाचा बोजा आरसीवरून उतरवून घ्या, आणि फॉर्म २९, ३० च्या सही केलेल्या प्रती व गाडी ताब्यात दिल्याची पावती जपून ठेवा. आरसी समोरच्याच्या नावावर चढल्याचं परिवहनच्या अॅपवर दिसेपर्यंत विमा बंद करू नका.