कंसात लिहिलेली मामांची गोष्ट

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझा धाकटा भाऊ 27 वर्षांचा आहे. उद्यमनगरात आमचं लेथचं वर्कशॉप आहे, तिथं तोच बघतो. दीड वर्ष झालं, त्याचं कशातच मन लागत नाही. पहाटे तीनला उठून बसतो, ताटातलं अर्धं जेवण तसंच ठेवतो. डॉक्टरांनी दोनदा गोळ्या बदलल्या. आता त्याचा एक मित्र गोव्याहून 'मॅजिक मशरूम' आणून देतो म्हणतोय. परदेशात डिप्रेशनवर हेच देतात, एका डोसात मोकळा होशील, असं त्यानं याच्या डोक्यात भरवलंय. आईला काही सांगितलेलं नाही. ती आधीच म्हणते, पोरगा मामावर गेलाय. (मामा मधेच पंधरा-पंधरा दिवस झोपायचे नाहीत, एकदा दुकानातला सगळा माल वाटून टाकला. मग वर्षभर अंथरुणात.) अडवू की एकदा करून बघू दे?
– एक बहीण, कोल्हापूर

उत्तर : ताई, अडवा. का, ते तुम्हीच कंसात लिहिलंय.

मामांच्या आजाराचं नाव मी पत्रावरून ठरवू शकत नाही. पण झोप नाही, तरी थकवा नाही, माल वाटून टाकणं आणि मग वर्षभर अंथरूण, हे ऐकलं की मला बायपोलरची, म्हणजे कधी उन्माद (अति उत्साहाचा भर) तर कधी नैराश्य अशा आजाराची, शंका येते. हा आजार घराण्यात उतरू शकतो. अशा माणसाला भ्रम निर्माण करणारं द्रव्य दिलं तर नैराश्य जायच्या ऐवजी उन्माद उसळू शकतो. परदेशातल्या चाचण्यांतसुद्धा स्वतःला किंवा जवळच्या रक्ताच्या नात्यात बायपोलर किंवा सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं) असेल तर बहुतेक ठिकाणी घेतच नाहीत.

मित्र अगदीच खोटं बोलत नाही, हेही भावाला सांगा. नाहीतर तो तुमचं पुढचं ऐकणार नाही. त्या मशरूममधलं द्रव्य म्हणजे सिलोसायबिन. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत औषधांना दाद न देणारं नैराश्य असलेले 233 रुग्ण होते. 25 मिलिग्रॅमचा एकच डोस मिळालेल्यांपैकी 37 टक्के लोकांना तीन आठवड्यांनी चांगला फरक पडला; नाममात्र 1 मिलिग्रॅम मिळालेल्यांत 18 टक्के. बाराव्या आठवड्यापर्यंत टिकलेला फरक मात्र 20 टक्क्यांवर आला, आणि काहींच्या मनात आत्महत्येचे विचारही आले. ऑस्ट्रेलियात 1 जुलै 2023 पासून परवानगी असलेले मानसोपचारतज्ज्ञ ते देऊ शकतात. पण तिथं आधी बैठका होतात, त्या दिवशी सहा-आठ तास शेजारी प्रशिक्षित माणसं बसतात, नंतर पुन्हा बोलणं होतं. एका डोसात मोकळा, हे फक्त मित्राच्या तोंडी आहे.

गोव्याच्या पुडीत यातलं काय असणार? वाळवून चुरा केलेली अळंबी कुठली, हे मलाही बघून सांगता येणार नाही. काही विषारी जातींचा त्रास सहा-आठ तासांनी सुरू होतो आणि तोवर विष अंगात भिनलेलं असतं. शिवाय आपल्याकडं 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं सिलोसायबिन जवळ बाळगणंही गुन्हा आहे.

काही वर्षांपूर्वी रात्री दीडला मित्रांनी एका मुलाला माझ्याकडं आणलं. जिभेखाली नशेचं द्रव्य लावलेला तिकिटाएवढा कागद ठेवला होता, एवढंच त्यांना माहीत. तो फरशीवर हात टेकून बसला होता, म्हणत होता, "फरशी श्वास घेतेय, पाय देऊ नका." आईनं हाक मारली तर तिला ओळखेना. त्या माउलीनं चपला काढून हातात घेतल्या आणि तशीच बाकावर सकाळ केली. कागदाचा अंमल दुसऱ्या दिवशी उतरला. त्यातून उसळलेला उन्माद आटोक्यात यायला सहा आठवडे लागले. काकांना असंच व्हायचं, हे घरच्यांनी मला चौथ्या दिवशी सांगितलं. ते ऐकून मला फार वाईट वाटलं होतं, आजही वाटतं.

म्हणून या आठवड्यात भावाच्या डॉक्टरांना मामांचं सांगा. बहुतेक त्यांना कुणी सांगितलेलंच नसेल. बायपोलर असेल तर नुसत्या नैराश्याच्या गोळ्या पुरत नाहीत, कधी बिघडवतातही; मग औषधाची दिशाच बदलते. गोळी रोज, पूर्ण डोसात, निदान सहा आठवडे घेतली होती का, हेही प्रामाणिकपणे सांगू दे. आणि मनानं गोळी बंद करू देऊ नका. पुढं गरज पडलीच तर भूल देऊन करायचे शॉक उपचार आहेत. नावाला घाबरू नका, मी त्यानं उठून जेवायला बसलेली माणसं बघितली आहेत.

भावाला रागावू नका. बरं व्हायचंय म्हणूनच तो शोधतोय. पहाटे तीनला उठला की जवळ बसा आणि सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर रात्रीही मराठीत बोलता येतं.

आईला मामांबद्दल विचाराल तेव्हा नीट लिहून घ्या : पहिल्यांदा झोप उडाली तेव्हा वय काय होतं, किती दिवस चाललं, कुठल्या गोळीनं उतार पडला. मामींकडं ट्रंकेत डॉक्टरांची जुनी चिठ्ठी असेल तर तीही सोबत न्या.