‘बी डबल प्लस’च्या कॉलेजात पोरीला घालू का?

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक एसटी कंडक्टर मुलीला घेऊन माझ्याकडे सल्ल्याला आले. (ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) मुलीला बारावी सायन्सला 71 टक्के होते आणि केमिस्ट्रीत बीएस्सी करायचं तिचं पक्कं होतं. प्रश्न फक्त कॉलेजचा.

वडिलांनी पिशवीतून दोन माहितीपत्रकं काढली. एक गुळगुळीत, शहरातल्या खासगी कॉलेजचं, वर सोनेरी अक्षरांत ‘नॅक ए प्लस’, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या संस्थेची ग्रेड. दुसरं तालुक्यातल्या जुन्या अनुदानित कॉलेजचं, साधी झेरॉक्स. त्याला ‘बी डबल प्लस’.

“मॅडम, फी परवडते म्हणून पोरीला कमी दर्जाच्या कॉलेजात घातलं, असं नको व्हायला. कर्ज काढीन.”

मुलगी मान खाली घालून ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती.

हा घोर घेऊन दर जूनमध्ये कोणी ना कोणी येतंच. आणि सरकारी अनुदानाचं म्हणजे स्वस्त, स्वस्त म्हणजे हलकं, हे समीकरण ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं. पण ‘ग्रेडकडे बघूच नका’ असंही मी सांगत नाही. ग्रेड उघडून बघा, म्हणते.

त्यांना कागदावर मांडून दाखवलं. नॅक ही केंद्राच्या विद्यापीठ अनुदान आयोगाची संस्था, 1994 पासूनची. या दोन ग्रेड ज्या पद्धतीने मिळाल्या, तिच्यात सात निकषांवर गुण देऊन सगळ्यांची मिळून 4 पैकी सरासरी काढत. 3.26 ते 3.50 म्हणजे ए प्लस, 2.76 ते 3.00 म्हणजे बी डबल प्लस. ही श्रेणी अख्ख्या कॉलेजची असते, केमिस्ट्री विभागाची वेगळी नसते. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांसाठी 1000 पैकी 350 गुण शिकवणं, परीक्षा आणि निकाल यांना होते. उरलेले इमारत, संशोधन, कारभार वगैरेंत वाटलेले. एकूण गुणांतले बरेचसे कॉलेजने स्वतः भरून दिलेल्या माहितीवर ठरत. ती पडताळली जायची, पण ज्या कॉलेजात दहा वर्षं प्राध्यापक भरती नाही, तिथे ती माहिती नीट भरायला तरी माणूस कुठून आणायचा?

“मग पेपरात आलं होतं ते? लाच घेऊन ग्रेड?”

2025 मध्ये सीबीआयने नॅकच्या एका तपासणी पथकातल्या लोकांना लाचेच्या आरोपाखाली अटक केली होती, हे खरं. पण त्यावरून सगळी मोजणी खोटी ठरत नाही. प्रमाणपत्रासोबत निकषवार गुणांचं पान येतं, ते दोन्ही कॉलेजांच्या वेबसाइटवर सापडलं. अनुदानित कॉलेजची सरासरी 2.84, पण शिकवण्याच्या निकषात 3.2. मार खाल्ला होता इमारत आणि सोयीसुविधांत. ए प्लसवाल्यांना सुविधांत भरघोस गुण आणि शिकवण्यात 3.0.

वडील चष्मा वर करून ते पान बराच वेळ बघत राहिले. “हे तर उलटंच आहे.”

“पण एनआयआरएफच्या यादीत यांचं नावच नाही,” मुलगी पहिल्यांदा बोलली. तिने घरून बघून ठेवलं होतं. तिला सांगितलं, केंद्र सरकारच्या त्या क्रमवारीत कॉलेजला स्वतः नाव नोंदवून माहिती द्यावी लागते, आणि देशातल्या 40 हजारांहून जास्त कॉलेजांपैकी सुटा क्रमांक पहिल्या 100 जणांनाच मिळतो. नाव नाही म्हणजे नापास नव्हे.

तरी कागदावर थांबू नका, म्हटलं. तीन गोष्टी स्वतः जाऊन विचारायला सांगितल्या: केमिस्ट्रीत मंजूर जागा किती आणि पूर्णवेळ शिक्षक किती? प्रॅक्टिकलला एका टेबलावर किती मुलं? ग्रंथालयातून या महिन्यात पुस्तकं गेली का? आणि कामाच्या दिवशी जा, प्रवेशाच्या मांडवात बसून परत येऊ नका.

आठवड्याने दोघं परत आले. आता मुलगीच बोलत होती. खासगी कॉलेजची लॅब चकचकीत, पण एका टेबलाभोवती सहा-सात जण उभे राहतात, ब्युरेट (द्रव मोजून सोडायची काचेची नळी) एकाच्याच हातात, असं तिथल्या एका विद्यार्थिनीने सांगितलं. तालुक्याच्या कॉलेजात ओट्याच्या फरश्या फुटलेल्या, पण टेबलाला दोघं. लॅब असिस्टंटने मागच्या वर्षीची जर्नलं काढून दाखवली. पानोपानी लाल शाईत सरांच्या दुरुस्त्या होत्या. एक बाजू मात्र लंगडी निघाली. चार मंजूर जागांपैकी दोन रिकाम्या, तिथे तासिका तत्त्वावरचे शिक्षक. ते दिवाळीनंतर टिकतील की नाही, सांगता येत नाही.

ही अडचण मी लपवली नाही. कॉलेज चांगलं असलं तरी जागा न भरल्याचा फटका शेवटी मुलांनाच बसतो, आणि त्याची दाद शासनाकडेच मागायला हवी. तिला म्हटलं, ज्या विषयाचे सर बदलतील त्याचा अभ्यास आधी हातात घे, आणि पूर्णवेळ असलेल्या दोघांना धरून राहा.

तिने अनुदानित कॉलेजात प्रवेश घेतला. कर्ज काढावं लागलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत ती पेढे घेऊन आली. पेढ्याचा बॉक्स पुढे केला तेव्हा तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर काळे डाग दिसले. प्रॅक्टिकलमधल्या सिल्व्हर नायट्रेटचे.

“चार दिवस झाले, घासूनही जात नाहीयेत,” ती हात पुढे करून म्हणाली.