लॉनमधून उडणारे छोटे पिवळे पतंग कोणते?

तुम्ही विचारलं की नागपुरात पावसाळ्यात गवतावर पाय ठेवला की बारीक पिवळसर पतंग उडून राहिले आणि पात्यांवर पांढरे पट्टे दिसून राहिले, तर वर्णनावरून मला ती पाने गुंडाळणारी अळी वाटते, तीच जी भंडारा-गोंदियाकडे धानावर येते, कारण धान पण शेवटी गवतच ना. पतंग नखाएवढा असतो, सोनेरी-पिवळा, पंखावर गडद नागमोडी रेघा, आणि रात्री ट्यूबलाईटवर येतो.

पतंग गवत खात नाही, खाते ती अळी. हिरवट, एकदम चपळ. पात्याच्या दोन्ही कडा रेशमाच्या धाग्यानं जोडून नळी करते आणि आत बसून हिरवा भाग खरवडते, बाहेरचा पापुद्रा तसाच राहतो, म्हणून ते पांढरे पट्टे. एक नळी उलगडून पाहा, हात लागला की अळी वळवळत मागं सरकते, मला तर हे बघायला खूपच आवडते! कोष पण बहुतेक त्याच नळीत होतो, अंड्यापासून पतंगापर्यंत साधारण महिना-सव्वा महिना.

प्लीज लगेच फवारणी करू नका, त्यानं कोळी आणि अळीवर जगणाऱ्या गांधिलमाश्या आधी मरतात. युरिया कमी करा, जास्त नत्रानं ही अळी वाढते. गवत कापा, गुंडाळलेली पाती गोळा करून टाका, एवढ्यानं घरच्या लॉनचं काम होऊन जाते.