रात्री दहापर्यंत थांबावं का?

सांगली, रविवार

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप दोनदा वाचला. डिप्लोमा करून कुपवाड एमआयडीसीत टूलरूमला, म्हणजे साचे-हत्यारं बनवायच्या खात्यात, लागून सहाच महिने झालेत, आणि सकाळी आठला गेलेला तू रात्री दहाला घरी येतोस. 'काका, आत्ता मरमर केली तर पुढं उपयोग होतो का?' असं विचारलंस.

होतो. पण सगळ्याच तासांचा होत नाही.

माझी पहिली दोन वर्षं मी शिफ्ट सुटल्यावर घरी जात नसे. आमचे उस्ताद डाय फिटिंगला, म्हणजे पत्रा कापायच्या साच्याचे भाग एकमेकांत बसवायला, संध्याकाळी बसायचे, तेव्हा वर्कशॉप शांत असायचं. ब्लू म्हणजे निळा रंग लावायचा, त्याच्या डागावरून कुठं टेकतंय ते बघायचं, तेवढंच घासायचं, पुन्हा बसवायचं. माझं काम बॅटरी धरायचं. वरून दाबणारा पंच आणि खालची डाय यांच्यात गॅप किती ठेवायचा ते पत्र्याच्या जाडीवर ठरतं, हे तुला कॉलेजात शिकवलंय. पण कापलेल्या पत्र्याच्या कडेवरून बोट फिरवून, बर, म्हणजे कडेला राहिलेली धातूची बारीक कोर, आली ती गॅपमुळं की धार गेल्यामुळं, हे ओळखायला मी तिथं शिकलो. त्या संध्याकाळचा एक पैसा मिळाला नाही. पुढची तीस वर्षं मात्र मी त्यावरच जेवलो.

तिसऱ्या वर्षी दुसऱ्या कंपनीत गेलो. तिथं ऑर्डरची घाई, एकच जॉब, डबल शिफ्ट. एका रात्री सोळाव्या तासाला बोअर, म्हणजे जॉबमधलं गोल भोक, मोजताना इनसाइड मायक्रोमीटरच्या स्लीव्हवरची, म्हणजे त्याच्या दांड्यावरच्या मापपट्टीवरची, अर्ध्या मिलिमीटरची रेघ नजरेतून सुटली. बोअर लहान आहे समजून आणखी कट घेतला. मोठं झालेलं बोअर पुन्हा लहान होत नाही. चार दिवसांचं काम भंगारात गेलं. मायक्रोमीटर वाचता येत नव्हता असं नाही रे, डोळेच जागेवर नव्हते. आणि त्याच डोळ्यांनी मी रोज रात्री मोटरसायकल चालवत घरी यायचो. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

त्या कंपनीत ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, साध्या दरानं मिळायचा. १९४८ च्या कारखाना कायद्यात आठवड्याला ४८ तास आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दर लिहिलेला होता, हे मला फार उशिरा कळलं. तू तुझी पगाराची स्लिप नीट वाचत जा. घरात हप्ते आहेत म्हणून ओटी करणार असशील तर जरूर कर, त्यात कमीपणा नाही. फक्त ते शिकणं आहे अशी स्वतःची समजूत घालू नकोस.

तब्येतीचंही सांगतो, कारण तुझ्या वयात ते खरं वाटत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र अभ्यास मांडला. आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त आढळला. तुझे आठवड्याचे तास सहा दिवसांचे धरून मोज. जाणं-येणं धरून चौऱ्याऐंशी होतात.

म्हणून एक कर. खिशात छोटी वही ठेव. सहानंतर थांबलास, की निघताना एक ओळ लिही: काल येत नव्हतं असं आज काय आलं, किंवा कुणी माझी कुठली चूक दाखवली. साहेब बसलेत म्हणून बसलो, असं असेल तर तेही तसंच लिही. महिनाभर लिही. वहीत शिकल्याच्या ओळी असतील तर आणखी वर्षभर खुशाल थांब, मी तुझ्या आईची समजूत काढतो. नसतील तर सहाला सुटायचं, आणि सुटता येत नसेल तर दुसरी टूलरूम बघायची. चांगल्या फिटरला मिरज-कुपवाडच्या पट्ट्यात काम मिळतं. दोन-तीन ठिकाणी मी स्वतः तुला घेऊन जाईन.

महिन्यानं रविवारी सकाळी ये. हरिपूरला संगमावर जाऊन बसू. वही घेऊन ये.

तुझा,
काका