‘मॅडम, वरचं वजन किती असेल हो?’

हा प्रश्न सहसा निघताना येतो. पाठदुखी, झोप, सासरचं, नोकरीतलं सगळं सांगून झालेलं असतं, पर्स खांद्याला लागलेली असते आणि मग आवाज एकदम खाली येतो, “मॅडम, एक विचारू? वरचं वजन किती असेल हो?” वरचं म्हणजे छातीचं. नाशिकला गंगापूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न कॉलेजातल्या मुलीने विचारलाय, सिडकोतल्या दोन मुलांच्या आईने विचारलाय आणि पंचवटीतल्या निवृत्त शिक्षिकेनेही. हल्ली मोबाइलवर ब्राचा साइज टाकला की ग्रॅममध्ये आकडा मिळतो. तो घेऊनच बायका येतात आणि मी ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणावं अशी त्यांची अपेक्षा असते.

गणित मी सांगतेच, टाळत नाही. पण ते सांगून झाल्यावर जे उरतं तेच माझं काम, असं मला वाटत आलंय. मीनलची गोष्ट सांगते म्हणजे कळेल. नाव आणि तपशील अर्थातच बदललेत, आणि लिहायला तिची परवानगी आहे.

मीनल तिशीतली. अंबडच्या एका कंपनीत स्टोअर्स सांभाळते. खांदे दुखतात, रिपोर्ट सगळे नॉर्मल, तरी रडू येतं, म्हणून फॅमिली डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवली. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर ती चालायला जायची, ते तिने बंद केलं होतं. का, तर “लोक बघतात.” बसायची अशी की दोन्ही खांदे पुढे, ओढणी गळ्यापासून पोटापर्यंत आणि मांडीवर पर्स.

“माझं वजन ६८ आहे मॅडम, पण त्यातलं सहा किलो तर हेच असणार. हे नसतं तर मी बासष्टची असते.”

“सहा कुठून आलं?”

“अंदाज.”

“स्टोअर्सला अंदाजाने नोंद करता?”

तेव्हा ती पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, नेटवरच्या तक्त्यात ४० सी टाकलं तर एका बाजूचं साडेआठशे ग्रॅमच्या आसपास आलं. तिला ते पटलं नाही. मग तिने पुढचा कप टाकला, मग त्याच्या पुढचा. मनातल्या सहापर्यंत आकडा पोचेना तेव्हा तक्ताच चुकीचा ठरवला.

तक्ता कसा बनतो ते आधी समजून घेऊ. ब्राच्या साइजमध्ये दोन गोष्टी असतात. आकडा म्हणजे छातीच्या खालचा घेर, इंचात. अक्षर म्हणजे छातीचा सगळ्यात भरलेला घेर आणि तो खालचा घेर यांच्यातला फरक. एक इंच असेल तर ए, दोन तर बी, तीन तर सी, चार तर डी. पुढची अक्षरं कंपनीप्रमाणे बदलतात, कुणी ई म्हणतं, कुणी डबल डी. आता गोम अशी की अक्षर एकटं काहीच सांगत नाही. ३२ सीमध्ये एका बाजूला साधारण ३९० मिलिलिटर मावतं, ४० सीमध्ये साधारण ८५०. अक्षर तेच, माप दुपटीहून जास्त. उलट ३४ डी, ३६ सी आणि ३८ बी या तिन्हींचा कप जवळपास सारखाच, सुमारे ५९० मिलिलिटरचा. त्यामुळे “मी डी आहे” म्हणून एखादी घाबरते आणि “मी बीच आहे” म्हणून तिची मैत्रीण निर्धास्त असते, तेव्हा दोघींचं वजन एकच असू शकतं.

मिलिलिटरवरून ग्रॅम काढणं सोपं आहे. स्तनात मुख्यतः चरबी आणि दुधाच्या ग्रंथी असतात. चरबी पाण्यापेक्षा हलकी, ग्रंथी पाण्यापेक्षा किंचित जड, त्यामुळे मिलिलिटरचा आकडा तोच ग्रॅमचा समजला, किंवा थोडा कमी धरला, तरी फार चुकत नाही. पण हे तक्ते ब्राच्या वायरच्या व्यासावरून काढलेले असतात आणि स्तन म्हणजे अचूक अर्धगोल असं धरून चालतात. कुणाचे तसे असतात? वय, बाळंतपण, पाळीच्या आधीचे दिवस, यांनी आकार बदलतो. दोन बाजूसुद्धा बहुतेकींच्या सारख्या नसतात. शिवाय काही कंपन्या अजून खालच्या घेरात चार-पाच इंच मिळवून आकडा देतात, म्हणजे मुळात टाकलेला साइजच भलता. शल्यचिकित्सक तर कपाच्या अक्षरावर अजिबात विसंबत नाहीत. स्तन लहान करण्याच्या शस्त्रक्रियेत किती ग्रॅम काढले तर ती त्रासापोटी केली म्हणायची, दिसण्यासाठी नव्हे, याचं एक कोष्टक श्नुर नावाच्या अमेरिकन सर्जनने १९९१ मध्ये मांडलं, त्यातही बाईच्या सगळ्या शरीराचं क्षेत्रफळ धरावं लागतं.

मीनलला मी टेप दिली आणि आतल्या खोलीत जाऊन मोजायला सांगितलं. खालचा घेर ३४, वरचा ४०. फरक सहा इंचांचा. म्हणजे तिचा साइज ४० सी नव्हताच, ३४ आणि डबल डीच्याही पुढचा कप. ते ऐकून तिचा चेहरा पडला. मी तिला तोच तक्ता पुन्हा बघायला सांगितला. ४० सी, ३८ डी, त्यापुढे ३६, मग ३४, सगळे एकाच रांगेत, ८५०च्या. अक्षर तीन घरं पुढे गेलं आणि ग्रॅमभरही फरक पडला नाही.

“मग खांदे का दुखतात?”

“चाळीसचा पट्टा चौतिसाच्या घेरावर. मागे वर सरकत असेल.”

“मानेपर्यंत येतो म्हणा ना.”

ब्राचा भार मुख्यतः खालच्या पट्ट्याने घ्यायचा असतो. पट्टा सैल असला की सगळं ओझं खांद्यावरच्या पट्ट्यांवर येतं आणि तिथे खळगे पडतात. तिला पडले होते. मेन रोडवरच्या दुकानात काउंटरपलीकडच्या माणसाने नजरेने मापून “यांना चाळीस द्या” म्हटलेलं, ते तिने इतकी वर्षं वापरलं. साइज मोठ्याने बोलायचा नाही ही आपल्याकडची रीत, तिची किंमत खांदे मोजतात.

तिला मी घरी करायला एक काम दिलं. काठोकाठ भरलेलं पातेलं परातीत ठेवायचं, वाकून एक बाजू पाण्यात पूर्ण बुडवायची आणि परातीत सांडलेलं पाणी मापाने मोजायचं. मग दुसरी बाजू. न्हाणीघराचं दार लावून, जाऊबाईंना काय सांगायचं ते तिचं तिने ठरवायचं. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट एलिस यांच्या विचारांची आहे, आणि गृहपाठाशिवाय माझ्याकडून कुणी सुटत नाही. एलिस यांचं म्हणणं साधं होतं. घटना आपल्याला जेवढी छळते, त्याहून तिच्याबद्दलचा आपला समज जास्त छळतो. आणि समज तपासायचा तर खुर्चीत बसून भागत नाही, करून बघावं लागतं.

पुढच्या खेपेला मीनल चिठ्ठी घेऊन आली. डावी ८६०, उजवी ८२०. स्टोअर्सची बाई, तिने तीनदा मोजून सरासरी काढली होती.

“दोन्ही मिळून पावणेदोन किलोसुद्धा नाही मॅडम. अडुसष्टातले अडीच टक्के. माझी डब्याची पिशवी याहून जड असते.”

इथे पुष्कळजणींची गोष्ट संपावी असं मला वाटतं, पण संपत नाही. आकडा उतरला की भीती उतरते हा भ्रम आहे. मीनल तशीच, खांदे पुढे घेऊन बसली होती. मी काही बोलले नाही. बऱ्याच वेळाने तीच म्हणाली, “मग मी वाकून का चालते?”

“कधीपासून चालता?”

तिला आठवायला वेळ लागला नाही. आठवीत, गॅदरिंगच्या लेझमीत ती पुढच्या रांगेत होती. तालीम बघायला आलेली आत्या बाईंना म्हणाली, ही उड्या मारते ते बरं दिसत नाही, हिला मागे उभी करा. बाईंनी केली. त्या दिवसापासून खांदे पुढे.

“तेव्हा वजन किती असेल?” मी विचारलं.

तिने सवयीने हिशोब सुरू केला. “आठवीत… शंभर, फार तर दीडशे ग्रॅम…” आणि मध्येच थांबली. माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली आणि हसता हसता रडली. मी ग्लास पुढे सरकवला. खरं सांगायचं तर अशा क्षणांसाठीच मी हे काम करते. तो प्रश्न मी नेमका तेव्हाच विचारला याचं मला आजही समाधान आहे. आधी विचारला असता तर तिने नुसतं “नाही आठवत” म्हटलं असतं. हातात स्वतः मोजलेला आकडा होता म्हणून दुसरा आकडा त्याच्याशेजारी ठेवता आला.

तिच्या मनातलं वाक्य मग आम्ही दोघींनी मिळून कागदावर उतरवलं. ‘लोकांनी माझ्याकडे पाहिलं तर ते भयंकर आहे आणि मला ते सहन होणार नाही.’ त्यातले ‘भयंकर’ आणि ‘सहन होणार नाही’ हे दोनच तुकडे आम्ही हलवले. रोखून बघणारा माणूस वाईटच वागतो, त्याला सूट द्यायची नाही. पण त्याच्यामुळे ट्रॅक सोडायचा का, हे मीनलने ठरवायचं. आपल्या मुलींना ‘दुर्लक्ष कर’ एवढाच सल्ला मिळतो, तो मी देत नाही. कारण दुर्लक्ष करतानाही खांदे पुढेच राहतात.

एलिस लोकांना न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत मोठ्याने स्टेशनांची नावं पुकारायला लावायचे, लाज वाटली तरी काही कोसळत नाही हे कळावं म्हणून. मीनलचं स्टेशन होतं मेन रोड. दुकानात जायचं आणि साइज खणखणीत आवाजात सांगायचा. ती नणंदेला घेऊन गेली. सांगितला. दुकानदार म्हणाला, “असा साइज येत नाही ताई, चाळीस घेऊन जा.” ती म्हणाली, “मग नको,” आणि बाहेर आली. नंतर ऑनलाइन मागवली, दोनदा परत केली, तिसरी बसली. मला मात्र ते “मग नको” जास्त मोलाचं वाटतं.

ज्या बायका हे वाचत असतील त्यांच्यासाठी कामाचं थोडं. पट्टा सगळ्यात बाहेरच्या हुकात घट्ट बसला पाहिजे, खाली दोनच बोटं जावीत. मागून वर सरकला तर एक आकडा खाली या, म्हणजे ४० वरून ३८ वर, आणि कप एक अक्षर पुढे घ्या. चालताना-धावताना जो त्रास होतो त्यात वजनापेक्षा हालचालीचा वाटा मोठा. धावताना स्तन वरखाली आणि डावीउजवीकडे, आठाच्या आकड्यासारखे हलतात हे इंग्लंडच्या पोर्ट्समथ विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजून दाखवलंय. स्तनात स्नायू नसतो, आधार त्वचेचा आणि बारीक तंतूंचा, त्यामुळे स्पोर्ट्स ब्रा ही चैन नाही. मीनलने ती घेतली आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठीचे व्यायामही सुरू केले. ट्रॅकवर ती आता जाते, अजून कधी कधी ओढणी घेऊन.

आणि सगळ्याच जणींचं दुखणं मनातलं नसतं, हेही सांगायला हवं. एकीचे खांदे नीट मापाची ब्रा घालूनही दुखायचे, स्तनांखाली घामोळं चिघळायचं, मान आखडायची. तिला मी गप्पांत अडकवून ठेवलं नाही, प्लास्टिक सर्जनकडे पाठवलं. शस्त्रक्रिया झाली, ती सुखी आहे. तिच्या सासूबाई अजून म्हणतात, नसते लाड. म्हणोत.

एक गोष्ट मात्र वजनाच्या तक्त्यात शोधू नका. एकच बाजू अचानक वाढली, गाठ लागली, कातडी आत ओढल्यासारखी दिसली, बोंडातून स्राव आला, तर टेप आणि परात बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. माझ्याकडे नंतर या.